आठव्या शनिवारची शेवटची कुस्ती

शनिवार, ४ मार्च

आज जे झालं ते कुणाला सांगू? कुणालाच नाही. म्हणून इथे.

दुपारी चष्म्याच्या दुकानातलं काचा घासायचं मशीन बंद पडलं. मालकीणबाई म्हणाल्या, "जा घरी, सोमवारी बघू." तीनलाच घरी! सासूबाई कुणाच्या तरी कोटाची मापं घ्यायला गेलेल्या. दार उघडते तर सासरे टीव्हीसमोर, आवाज पूर्ण बंद, आणि पडद्यावर — कुस्ती! मातीतली नाही. ती दोरांच्या रिंगमधली, चकचकीत चड्ड्यांची, खुर्च्या हाणायची! मला बघून त्यांनी रिमोट शोधायला अशी धडपड केली की तो सोफ्याच्या फटीतच गेला.

मी गुपचूप आत गेले असते. पण तेवढ्यात निळ्या चड्डीवाला जोडीदाराच्या हाताला हात न लावता सरळ रिंगमध्ये घुसला, आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं — "टॅग कुठे दिला त्याने? रेफरी झोपलाय का?"

लग्नाला दोन वर्षं झाली. दोन वर्षांत हा माणूस माझ्याशी मोजून चार वाक्यं बोललाय. आलीस का. दार लाव. गॅस बंद केलास ना. बरं. लिफ्ट मेकॅनिक होते, आयुष्य लिफ्टच्या खड्ड्यात एकट्याने गेलं, बोलायची सवयच नाही, असं नवरा म्हणतो. तर आज पाचवं वाक्य आलं — "रेफरी नेमका पाठमोराच असतो."

तासभर बघितलं दोघांनी! आवाज बंदच. शेवटी लाल दाढीवाला चॅम्पियन धडधडीत हरला. "हा कसा काय हरला?" म्हणाले. मी तज्ज्ञ! म्हटलं, "तो दुसऱ्या कंपनीत चाललाय ना बाबा. जाणाऱ्याने हरून जायचं, रिवाजच आहे त्यांच्यात." मग त्यांनी सोफ्याच्या फटीतून रिमोट काढला आणि टीव्ही बंद केला.

लग्न ठरताना "छंद काय?" विचारलं होतं सासरच्यांनी. मी म्हटलं होतं, "वाचन." आणि भावाला गादीवर आपटून आपटून त्याचा दात पाडला होता, ते?

रविवार, ५ मार्च

सासूबाई अंघोळीला गेल्या तसे सासरे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मला वाटलं गॅसचंच विचारणार.

"समजा कंपनी आपली," म्हणाले. "कोण जिंकणार, कोण हरणार, कोण दगा देणार, सगळं आपण ठरवायचं. दर शनिवारी एक कार्यक्रम. कागदावरच. जमेल?"

जमेल?! माझं बालपण दुसरं काय करण्यात गेलं! याला बुकिंग म्हणतात, मी म्हटलं. "हं, बुकिंग," ते म्हणाले. त्यांना शब्द माहीत होता, लबाड!

"पण आधी शेवट ठरवायचा. लिफ्टमध्ये आधी मजला दाबतो, मग लिफ्ट हलते."

"किती शनिवार?"

"आठ."

"आठच का?"

"पुरेत."

मग सासूबाईंच्या कटिंगच्या खाकी कागदाचा एक तुकडा घेतला, माझ्याकडे पाठ करून काहीतरी लिहिलं, चार घड्या घातल्या आणि माझ्याच दुकानातून आणलेल्या चष्म्याच्या डबीत टाकून डबी टक्कन बंद. "शेवट माझ्याकडे. बाकी सगळं तुझं."

सगळं माझं! दिवसभर मला भाजीत मीठ घातलं की नाही ते आठवेना. दोनदा घातलं होतं.

मंगळवार, ७ मार्च

आमचे पैलवान ठरले! लांब कशाला जायचं, सगळे घरचे-शेजारचेच.

१) लिफ्टमन — सध्याचा चॅम्पियन. सज्जन. फक्त दोन मजल्यांच्या मध्ये अडकतो, म्हणून प्रत्येक कुस्तीला उशिरा येतो.

२) चष्मिस — म्हणजे मी! निर्णायक डाव टाकण्याआधी चष्मा काढून रेफरीच्या हातात देते आणि ओरडते, "आता मला काहीच दिसत नाही, आपापलं सांभाळा!"

३) ड्रिलमास्तर — वरच्या मजल्यावरचा. रविवारी सकाळी सातला भिंतीला भोकं पाडणारा. शस्त्र सांगायला नकोच.

४) टाचणीबाई — व्हिलन. तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे एक शब्द बोलत नाही, नुसती बघते. तिच्या नजरेनेच माणसं रिंगबाहेर पडतात.

चौथीचं वर्णन केलं तेव्हा सासरे इतके हसले की ठसका लागला. मशीनवरून सासूबाईंनी मान वर करून आमच्याकडे बघितलं. तोंडात टाचण्या. आम्ही दोघं जागच्या जागी गार!

५) रेफरी — माझा नवरा. नेमका पाठमोरा.

शनिवार, ११ मार्च

पहिला कार्यक्रम झाला! साडेतीनला सासूबाई गिऱ्हाइकाकडे, रेफरी ऑफिसात. मी कागद वाचला, निवेदन सासऱ्यांचं. काय आवाज लावतात! "कृपया दारापासून दूर उभे राहा — वर येत आहेत — लिफ्टमन!" मी सोफ्यावर लोळले. ड्रिलमास्तरने लिफ्टमनला ड्रिलच्या वायरने बांधलं, चष्मिसने प्लग काढला. एवढा साधा उपाय! प्रेक्षक वेडे झाले. प्रेक्षक म्हणजे आम्हीच.

सोमवार, १३ मार्च

दुकानात मी एका आजोबांना दूरचं वाचायचा तक्ता दाखवताना "आणि आता रिंगमध्ये" असं म्हणाले. आजोबा म्हणाले, "कुठे? मला नाही दिसत." जीभ चावली.

शनिवार, १८ मार्च

दुसरा कार्यक्रम. टाचणीबाई आमच्या बाजूला आली! गोड वागते, लिफ्टमनचा फाटका झगा शिवून देते. सगळ्यांना वाटतंय सुधारली. मी तर पुढच्या चार आठवड्यांचा दगा आत्ताच आखलाय. सासरे म्हणाले, "तुझं डोकं भयंकर आहे." इतकं कौतुक मला दहावीच्या निकालालाही मिळालं नव्हतं.

सोमवार, २० मार्च

नवऱ्याची बदली झाली.

एक मेला तिकडे हजर व्हायचं. तिकडे म्हणजे चौदा तासांची गाडी. कंपनी घर देते, मोठं आहे, खिडकीतून झाडं दिसतात, वगैरे वगैरे. मला तिथे चष्म्याच्या दुकानात काम मिळेलच, डोळे काय सगळीकडेच असतात, असं म्हणाला. बरोबर आहे त्याचं. मीच वर्षभर म्हणत होते ना, आपलं घर असावं म्हणून?

"आई-बाबांना मी सांगतो. तू बोलू नकोस."

आणि मला काय सुचावं? की आजपासून तीस एप्रिलपर्यंत शनिवार किती. सहा! आमचे आठही पूर्ण होतात. आनंद झाला. लगेच लाज वाटली. मग रडू आलं. मी गेल्यावर ते कुणाबरोबर बुकिंग करणार? पुन्हा आवाज बंद करून एकटे बघत बसणार?

शनिवार, २५ मार्च

तिसरा कार्यक्रम. छान झाला. मला मेलीला मजा आली नाही.

सोमवार, २७ मार्च

सासूबाई बोलत नाहीयेत. माझ्याशी नाही, सासऱ्यांशी नाही. मशीनचा आवाज मात्र असा येतोय, जणू कुणाला तरी शिवून टाकतायत. काय झालं देव जाणे. नवऱ्याने बदलीचं सांगितलं की काय? विचारलं तर म्हणतो, "छे, अजून मूड बघतोय." मूड बघतोय म्हणे! पाठमोरा!

मंगळवार, २८ मार्च

हसू की रडू! सगळं लिहिते.

संध्याकाळी सगळे टेबलाशी. सासूबाई आतून आल्या त्या हातात बॅग घेऊन. बॅगेतून मोठी कात्री डोकावतेय. टेबलावर खाकी कागद आपटला. एका बाजूला कोटाच्या बाहीचं कटिंग. उलटीकडे सासऱ्यांचं ठळक अक्षर, लिफ्टमधल्या सूचनांसारखं:

"सौ. — आधी गोड, मग दगा देणार. सूनबाई आणि मी एकत्र. शनिवार ५ : सौ.ला बाहेर फेकायचं. रेफरीला कळू द्यायचं नाही."

आणि खाली माझं अक्षर! "मस्त! पण आधी चाव्या काढून घेऊ. खुर्ची मी आणते."

"चाळीस वर्षं," सासूबाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं संसार केला मी या घरात. शनिवारची कशाला वाट बघता? मीच जाते. चाव्या ह्या घ्या."

चाव्यांचा जुडगा टेबलावर. माझी बोबडी वळली. नवरा एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे. "कसली खुर्ची? कोण रेफरी?"

सासरे उभे राहिले. आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण केलं बिचाऱ्यांनी. कंपनी, शनिवार, पैलवान, ड्रिलमास्तर, सगळं सांगितलं. "टाचणीबाई लिहिलेलं तुला सापडलं असतं तर तू मारलं असतंस, म्हणून सौ. लिहिलं," म्हणाले. सावधगिरी म्हणून! आणि कागद वाया जाऊ नये म्हणून तिच्याच कटिंगच्या मागे लिहिलं! धन्य!

सासूबाई खाली बसल्या. बराच वेळ कागद वाचत राहिल्या. मी डोळे मिटून घेतले.

"म्हणजे मी हरते?" आवाज वेगळाच. "पाचव्या शनिवारी? कुणाकडून? या हाडकुळीकडून?!"

"आई, ते फक्त कागदावर —" मी म्हटलं.

"चाळीस वर्षं पायाने मशीन मारतेय मी! माझी एक लाथ बसली तर चष्मा शेजारच्या गल्लीत सापडेल तुझा! कुणी लिहिलंय हे? काही अक्कल?"

नवरा पुटपुटला, "मी पाठमोरा का पण?" कुणी लक्ष दिलं नाही.

शनिवार, १ एप्रिल

चौथा कार्यक्रम, प्रेक्षक तीन! सासूबाई आधी म्हणाल्या, "मी आपली बटणं लावत बसते, तुमचं चालू दे." पाच मिनिटांत बटणं बाजूला. "तो ड्रिलवाला जिंकतोच कसा? त्याला आधी रविवारी सकाळी सातला उठवा, दोन बायका पाठवा दारावर थाळ्या वाजवत, मग बघू किती लढतो!" सासऱ्यांनी घाईघाईने लिहून घेतलं. खरंच माझ्यापेक्षा भारी आहे ते. थोडीशी जळले मी.

शुक्रवार, ७ एप्रिल

सासूबाईंनी बेल्ट शिवला! चॅम्पियनचा! जुन्या सोफ्याचं रेक्झिन, मध्ये बिस्किटांच्या डब्याचं गोल झाकण, कडेने सोनेरी लेस, आत कडक कापडाचं अस्तर. माझ्या कमरेला लावून बघितला. "ढिला होतोय. तुझ्या मापाचा नाहीच मुळी," म्हणाल्या. स्वतःच्या मापाने शिवलाय!

शनिवार, ८ एप्रिल

पाचवा. टाचणीबाईला बाहेर फेकायचं रद्द, जिवाची भीती. त्याऐवजी चष्मिसने लिफ्टमनला हरवून बेल्ट जिंकला!! मी चॅम्पियन! सासऱ्यांनी स्वतः बेल्ट बांधला माझ्या कमरेला. बेल्ट घालूनच भांडी घासली. दूधवाला आला तरी काढला नाही.

गुरुवार, १३ एप्रिल

सतरा दिवस राहिले. "आज सांगतोस का?" — "रविवारी." प्रत्येक वेळी रविवारी. मी यांच्यासमोर खोटं तोंड घेऊन हसतेय, दगा आखणारी खरी मीच.

रविवार, १६ एप्रिल

सांगितलं एकदाचं. सासूबाईंच्या हातून आमटीचा डाव पडला. "इतक्या लांब?" म्हणाल्या, मग, "पडद्यांची मापं पाठव, मी शिवून ठेवते," आणि तडक मशीनवर जाऊन बसल्या. चालवलं नाही, नुसत्या बसल्या.

आणि सासरे? "हं," म्हणाले. हं! आणि आमटी वाढून घेतली. एवढंच! मी इथे महिनाभर आतल्या आत मरतेय आणि यांचं हं! मला वाटलं होतं आम्ही जोडीदार आहोत. टॅग टीम. वेडी आहे मी. गॅस बंद केलास ना, तेवढीच आपली लायकी.

शनिवार, २२ एप्रिल

सातवा. खोक्यांच्या ढिगात बसून केला. सासरे नेहमीसारखे. मी तुटक बोलले, त्यांच्या लक्षातही आलं नसेल. शेवटची कुस्ती मीच लिहून टाकलीय, विचारणार नाही कुणाला : चष्मिस विरुद्ध टाचणीबाई. चष्मिस जिंकते. वरून कागदी फुलं. बेल्ट डोक्यावर धरून निघून जाते. असं जायचं असतं!

शनिवार, २९ एप्रिल

आठवा. शेवटचा.

मी माझा कागद काढला. सासऱ्यांनी वाचला, घडी घातली, म्हणाले, "छान आहे. पण हा शेवट नाही. शेवट माझ्याकडे आहे." खिशावरून हात फिरवला, डबी काढली नाही. सरळ निवेदन सुरू, आज सासूबाईंशेजारी नवराही बसलेला. चष्मिसने टाचणीबाईला दोनदा पाडलं. चष्मा काढला. आता डाव टाकणार — आणि टाचणीबाईने तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या, पहिल्यांदाच बोलली, "सावकाश जा गं," आणि मिठी मारली. तशीच उचलून खाली. एक, दोन, तीन. रेफरी, पहिल्यांदाच, समोर बघत होता.

मी हरले!!

"का?" मी ओरडलेच. "जायच्या आदल्या दिवशी? मला हरवून पाठवता? एवढं काय केलं मी?"

सासऱ्यांनी चष्मा पुसला. "तूच सांगितलंस पहिल्या दिवशी. जाणाऱ्याने हरून जायचं. तू बेल्ट घेऊन गेलीस तर गोष्ट संपली. मागे राहणाऱ्यांनी शनिवारी करायचं काय?"

मला माहीत होतं हे! दहा वर्षांची असल्यापासून माहीत होतं! विसरले कशी?

मी बेल्ट काढला आणि सासूबाईंच्या कमरेला बांधला. बरोब्बर बसला. त्या नाक ओढत म्हणाल्या, "झालं! आता दर शनिवारी या माणसाबरोबर बसावं लागणार मला." मग सासऱ्यांकडे वळून, "लिहा. पुढच्या शनिवारी ड्रिलवाल्याला बोलवा. बघतेच त्याला."

मी रडत होते आणि हसू थांबत नव्हतं. नवरा म्हणाला, "बेस्ट कुस्ती होती." त्यालाही एक मिठी मारली.

रविवार, ३० एप्रिल

गाडीत. फलाटावर सासऱ्यांनी खिडकीतून चष्म्याची डबी दिली. "जुना चष्मा आहे. स्क्रू ढिला झालाय. तिकडे दुकान मिळालं की बसव आणि पाठव. घाई नाही." बेल्ट सासूबाईंच्या कमरेला होता. भर स्टेशनात! लोक बघत होते.

शनिवार, ६ मे

दुकान मिळालं. आज पहिला दिवस, अर्धाच. तीनला रिकामी झाले तशी डबी उघडली. चष्म्याखाली तोच खाकी कागद, चार घड्या. वर तारीख — ५ मार्च. मला स्वतःला बदलीचं कळलं २० मार्चला! नवऱ्याला फोन केला. "फेब्रुवारीत बदलीचा अर्ज टाकण्याआधी बाबांना विचारलं होतं मी, मिळाली तर एक मेला जायचं हेही सांगितलं होतं. तुला नक्की झाल्यावर सांगणार होतो," म्हणाला. त्याच्याशी नंतर बोलेन, चांगलंच बोलेन.

कागदावर, लिफ्टमधल्या सूचनांच्या अक्षरात:

"शेवट : सूनबाई हरते. बेल्ट सौ.कडे. सूनबाई जाते.

एकूण शनिवार : ८.

दोन वर्षं आधी सुरू करायला हवं होतं."